दोघांपुरता वडाभात

नागपुरी स्वयंपाकाची मापं मुळात दोघांसाठी बसलेलीच नाहीत. वडाभात, गोळाभात, पाटोडीचा रस्सा, सांभारवडी, रोडगे हे सगळं मोठ्या गंजातलं (पातेल्यातलं), दहा-बारा पानांच्या पंगतीचं. आता घरात नवरा-बायको दोघंच. आईला फोन लावून प्रमाण विचारावं तर ती 'अंदाजानं' म्हणते, आणि तिचा अंदाज दहा माणसांचा असतो. मग आपण त्या अंदाजाला पाचानं भागतो आणि भात चिकट, रस्सा आटलेला, वडे तेलकट असं काहीतरी पानात येतं.

भागाकार चुकत नाही, पण विस्तव त्याचं ऐकत नाही. पाणी आटतं ते गंजाच्या तोंडाच्या रुंदीप्रमाणे, आतला ऐवज किती आहे त्याप्रमाणे नाही. म्हणून दोन वाट्या रस्सा रुंद कढईत ठेवला की दहा मिनिटांत त्याचं पिठलं होतं. मिक्सरचं पातं तळापासून थोडं वर फिरतं, त्यामुळे मूठभर डाळ भांड्याच्या कडेला चिकटून बसते आणि पातं नुसतंच घरघरतं. फोडणीचं निम्मं तेल कढईलाच लागतं. भाताचा मोठा गंज उतरवल्यावरही अर्धा तास आपल्याच वाफेवर मुरत राहतो. वाटीभर भात पाच मिनिटांत निवतो. दोघांचा स्वयंपाक म्हणजे या चार अडचणींची सोय लावणं. त्यासाठी अरुंद तोंडाचं जाड बुडाचं भांडं, मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं आणि वीतभर तोंडाची लोखंडी कढई एवढं घरात असलं की बरंच निभतं.

वडाभातापासूनच सुरुवात करू, कारण तो लहान मापात उत्तम जमतो आणि तरीही लोक तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. दोघांना एक वाटी तांदूळ पुरतो. तांदूळ जुना हवा. नवा तांदूळ चिकटतो, आणि चिकट भातावर वडा कुस्करला की लगदा होतो. एचएमटी चांगला चालतो. हा वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून तयार केला आणि नाव दिलं हातातल्या घड्याळाचं. विदर्भातल्या कितीतरी घरांत रोज हाच भात शिजतो, पण दादाजींचं नाव त्या घरांत क्वचितच निघतं.

वड्यांसाठी अर्धी वाटी तुरीची डाळ, पाव वाटी चणाडाळ आणि मूगडाळ, उडीदडाळ, मठ (मटकी) प्रत्येकी एक मोठा चमचा. डिसेंबरात पाच तास भिजवा. मे महिन्यात तीन तास पुरे, तेही फ्रीजमध्ये. ओट्यावर ठेवलेली डाळ दुपारपर्यंत आंबते आणि वडे तेल पितात. भिजलेली डाळ चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायची. ही पायरी गाळू नका, वडे बिघडतात ते बहुतेक इथेच. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही. चटणीच्या भांड्यात दोन खेपांत, बटण दाबून-सोडून वाटा. मधूनमधून अख्खी डाळ दिसली पाहिजे. बारीक पेस्ट झाली तर वडा आत घट्ट होतो आणि भातावर कुस्करतच नाही. चार-पाच हिरव्या मिरच्या, सात-आठ लसूणपाकळ्या, जिरं, हळद, हिंग, चिरलेला सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि मीठ. मीठ हात राखून, कारण भातात आहे, कढीत आहे.

लहान कढईत पाव लिटर फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) पुरतं, पण मग एका वेळी तीनच वडे सोडायचे. तेल कमी असलं की चौथा वडा पडताच ते निवतं, आणि निवलेल्या तेलात वडा तळला जात नाही, भिजतो. चिमूटभर वाटण सोडून बघा: लगेच उसळी मारून काळपट झालं तर आच कमी करा, तळाशीच बसून राहिलं तर थांबा. वडे हातावर चपटे थापा, बोटभरापेक्षा पातळ, म्हणजे आत कच्चे राहत नाहीत. एवढ्या डाळीचे दहा-बारा होतात.

पानात वाफाळता भात, त्यावर दोन वडे चुरून, आणि वरून फोडणीचं तेल. हे तेल वेगळं करायचं: चार चमचे तेल, मोहरी, पाव चमचा हिंग, तीन-चार सुक्या मिरच्या मोडून. मिरची भिवापुरी मिळाली तर रंग सुरेख येतो. हे तेल आधी भातात कालवून ठेवू नका. कडकडीत तेल पानात पडताना जो चर्र आवाज होतो त्यातच हिंगाचा वास आहे. सोबत कढी किंवा चिंचेचं सार. उरलेले तळलेले वडे फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात आणि दुसऱ्या दिवशी कढीत सोडले की कढीवडे होतात. उरलेलं कच्चं वाटण मात्र ठेवू नका, सगळं त्याच दिवशी तळून टाका.

गोळाभात त्याहून सोपा, आणि तरीही त्याचीच जास्त फजिती होते. बहुतेक वेळा दोष बेसनाचा असतो. गोळ्याला चणाडाळीचा भरडा लागतो, रव्यासारखा. पाकिटातल्या बारीक बेसनाचे गोळे शिजून रबर होतात. भरडा नसेल तर चणाडाळ कढईत पाच मिनिटं कोरडी भाजून घरीच मिक्सरला जाडसर काढा. अर्ध्या वाटी भरड्याला दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि मूठ वळेल इतकंच पाणी. मोहन कमी पडलं की गोळा दगड होतो. तेलाची काटकसर इथे महागात पडते. पाऊण वाटी तांदूळ सव्वादोन वाट्या पाण्यात गंजातच शिजायला ठेवा, कुकरात नको, कारण प्रेशरखाली गोळे फुटतात. तांदळाचा दाणा बोटानं दाबून मधे बारीक कणी लागत असेल आणि वर अजून पाणी दिसत असेल, तेव्हा गोळे सोडायचे. पाणी आटल्यावर टाकलेला गोळा शिजत नाही, फक्त गरम होतो. झाकण, मंद आच, बारा-पंधरा मिनिटं. एक गोळा फोडून बघा, आत ओला पिवळा ठिपका दिसला तर झाकण परत ठेवा.

आता रस्सा. नागपुरात रस्सा म्हटला की सावजी आलंच. कोष्ट्यांच्या घरातलं हे जेवण आता गल्लोगल्ली पाटीवर पोचलंय, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी तिखटालाच सावजी समजतात. खरं काम काळ्या मसाल्याचं आणि कांदा-खोबऱ्याच्या भाजणीचं आहे. मसाला दोघांपुरता करूच नये, इतका थोडा तो भाजताही येत नाही. शंभर ग्रॅम धणे, वीस ग्रॅम जिरं, प्रत्येकी दहा ग्रॅम मिरे आणि दालचिनी, पाच-पाच ग्रॅम लवंग, शहाजिरं, दगडफूल, चार मसाला वेलच्या, चार-पाच तेजपानं. सगळं वेगवेगळं भाजायचं. दगडफूल तर तवा उतरवल्यावर नुसत्या धगीवर, नाहीतर जळून कडू होतं. खोबरं आणि खसखस या साठवणीत मिसळू नका. त्यांचं तेल सुटतं आणि उन्हाळ्यात महिन्याभरात मसाल्याला खवट वास येतो. ती दोन्ही रस्सा करतानाच भाजून वाटायची.

दोघांच्या रश्श्याला दोन मध्यम कांदे, वीस ग्रॅम सुकं खोबरं, एक चमचा खसखस, आलं-लसूण आणि दीड चमचा काळा मसाला. तेल मात्र चार मोठे चमचे. इथे पुष्कळजण माघार घेतात, दोन चमच्यांत भागवतात आणि मग तर्री (वर येणारा लाल तेलाचा थर) येत नाही म्हणून तिखट वाढवतात. तेल कमी असलं की वाटण ते सगळं शोषून घेतं आणि तळाला धरतं, सुटायला काही शिल्लकच राहत नाही. वाटण मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतून कडेनं तेल सुटलं की मसाला, तिखट, आणि लगेच दोन-अडीच वाट्या उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर तेल वाटणात परत अडकतं. मग न ढवळता, झाकण तिरकं ठेवून पंधरा मिनिटं. वर आलेली तर्री नको असेल तर चमच्यानं काढून वाटीत ठेवा, सकाळी पोह्यांवर कामी येते.

पाटोडीसाठी एक वाटी बेसनाला पावणेदोन वाट्या पाणी. बेसन आधी अर्ध्या पाण्यात कालवून घ्यायचं, उरलेलं पाणी लसूण-मिरचीच्या फोडणीत उकळायचं आणि त्यात ते ओतत एकाच दिशेनं घोटायचं. कढईची कडा सुटली की झाकून पाच मिनिटं वाफ, तेल लावलेल्या ताटात थापून वर खोबरं, खसखस, सांभार. वड्या रश्श्यात सोडायच्या त्या पानं वाढल्यावर. आधी सोडल्या तर रस्सा त्या पिऊन टाकतात.

रोजचं जेवण याहून साधं असतं आणि त्याला फार शिकवणी लागत नाही. पालक-चुक्याची डाळभाजी, थंडीत तुरीचे सोले (ओले दाणे) आणि वांगी, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, उन्हाळ्यात वाळवणातल्या मुगवड्यांचा रस्सा. भाजी थोडी लागते म्हणून रोज कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून घेणं सोयीचं वाटतं, पण पालेभाजीची जुडी दोघांना एका वेळी संपत नाही. निम्मी डाळभाजीत, निम्मी दुसऱ्या दिवशी फल्लीदाण्यांसोबत परतून, असा बेत जुडी घेतानाच ठरवावा. सोल्यांचं मात्र उलटं आहे. जानेवारीत कॉटन मार्केटमधून दोन किलो शेंगा आणाव्यात, दोघांनी मिळून सोलाव्यात आणि दाणे उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, गार पाण्यात टाकून, पुसून फ्रीजरात घालावेत. मार्चपर्यंत सोलेभात होत राहतो. ओले तसेच ठेवले तर बर्फाचा गोळा होतो आणि दाणे शिजल्यावर पिचपिचीत लागतात.

सांभारवडी ही मधली पायरी. दोघांसाठी करता येते, पण करवत नाही. सारण, पारी, चिंच-गुळाचा लेप, तळणी, शिवाय कढी. इतका खटाटोप चार वड्यांसाठी कोण करील? डझनभर करा आणि शेजारी ताट पाठवा. हंगाम थंडीचा, सांभार स्वस्त आणि कोवळा असतो तेव्हाचा. धुतलेला सांभार पंख्याखाली कापडावर दोन तास पूर्ण कोरडा करायचा. मीठ सारणात अगदी भरण्याच्या वेळी घालायचं, नाहीतर पाणी सुटून पुडा तेलात उघडतो आणि खसखस, तीळ, सांभार सगळं कढईभर पसरतं. भरून ठेवलेली कच्ची वडीही तशीच ओली होते. ठेवायचीच असेल तर फिकी तळून ठेवा आणि खाताना पुन्हा मोठ्या आचेवर काढा. कुरकुरीतपणा परत येतो.

आणि मग येतात न आक्रसणारे पदार्थ. महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, दुसरा दिवस घ्या. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, भजी, चटण्या-कोशिंबिरी आणि सोळा भाज्या. सोळा भाज्या एकत्र एकाच गंजात करायच्या म्हटलं आणि प्रत्येकीचे नुसते पंचवीस ग्रॅम घेतले, तरी चारशे ग्रॅम होतात. म्हणजे काहीही केलं तरी चार माणसांची भाजी. बाजारात त्या दिवसांत सोळा भाज्यांचा मिसळ वाटा मिळतो, तो घेतला तर निवडण्याचा वेळ वाचतो, पण घरी आणल्यावर वेगळं करावंच लागतं: सुरण, कोहळं, गवार, शेंगा आधी फोडणीत, भेंडी, दोडका, वांगं नंतर, पाला शेवटी. सगळं एकदम टाकलं तर भेंडी विरघळते आणि सुरण घशाला खाजतं. सुरणाला चिंचेच्या पाण्यातून काढायला विसरू नका.

शिवाय अनेक घरांत त्या दिवशीचं अन्न घराबाहेर पाठवत नाहीत. डबे वाटून सुटका नाही. माणसांनाच घरी बोलवावं लागतं. आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, धर्माच्या कारणानं असो वा नसो. दोघांच्या घरानं बारा माणसांचा घाट घालायचा असेल तर कामं आदल्या दिवसांत पसरवावीत. एक किलो चणाडाळीला किलोभर गूळ घालून पुरण दोन दिवस आधी आटवून फ्रीजमध्ये ठेवता येतं. चमचा मधोमध उभा राहिला की झालं. सैल राहिलं तर पोळी फुटते, फार कोरडं झालं तर काठापर्यंत सरकत नाही. एवढ्यात चाळीसेक पोळ्या होतात. आंबिलीचं ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवायचं. वडे मात्र ऐनवेळी तळायचे, त्याला इलाज नाही, आणि तळायला बसणारा माणूस पाहुण्यांपैकी असला तरी हरकत नसते.

किराणा त्याहून आधी, आणि पोळ्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तर महाल-इतवारीच्या बाजाराकडे फिरकूच नये. १८८०च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबती आणि बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, त्या दिवशी रस्त्यावर असतात. बघायला जरूर जा, पिशवी घेऊन नको. महालक्ष्म्यांची खरेदी पोळ्याच्या आठवड्यातच उरकलेली बरी.

रोडगेही दोघांचे होत नाहीत. गॅसच्या जाळीवर किंवा कुकरात करून बघणारे आहेत, पण त्याला रोडगा म्हणणं अवघड. त्यासाठी हिवाळ्यातला रविवार, कुणाच्या तरी शेतातली मोकळी जागा आणि दहा माणसं लागतात. दहा जणांना दोन किलो जाडसर कणीक, त्यात पाव किलो तुपाचं मोहन, ओवा, मीठ. पीठ घट्ट, पोळीपेक्षा बरंच घट्ट. लहान पुऱ्या लाटून मधे तूप लावत तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि मोठ्या पुरीत बांधून गोळा वळायचा. वीस होतात. चाळीस-पन्नास गोवऱ्या रचून पेटवा आणि ज्वाळा व धूर पूर्ण संपेपर्यंत थांबा. भुकेच्या घाईत सगळे इथेच चुकतात: ज्वाळेवर टाकलेला रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कणीक राहतो. निखारे पसरून त्यावर फिरवत सगळीकडून कड धरू द्यायची, मग त्याच गरम राखेत पुरून अर्धा तास. पीठ सैल असलं की राख चिकटते आणि झटकून जात नाही. कापडात घालून झटकायचे, मुठीनं फोडायचे, तुपात बुडवायचे. बाजूच्या चुलीवर तोवर वांगी-आलूची भाजी आणि घट्ट वरण.

शनिवार-रविवारच्या दोघांच्याच सहलीला हा पसारा नको. तिथे अडचण उन्हाची असते. रामटेक साधारण पन्नास किलोमीटर, जबलपूर रस्त्यानं मनसरला वळायचं. गड, खाली खिंडसीचा तलाव, थंडीच्या तोंडाशी वाटेवर शिंगाडे. आदासा-धापेवाडा त्याहून जवळ, अर्ध्या दिवसाचं. डब्यात भात, कढी, पातळ भाजी नको; मार्चनंतर बंद गाडीत ठेवलेलं वरण दुपारी एकलाच फसफसतं. दशम्या न्याव्यात. दोन वाट्या कणीक, दोन चमचे तूप, मीठ, आणि पाण्याऐवजी फक्त दूध, पाऊण वाटी लागेल. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. झाकणाला सुटलेलं पाणी दशमी बिघडवतं. हिवाळ्यात दुसऱ्या दिवशीही चांगल्या लागतात, मे महिन्यात त्याच दिवशी संपवाव्यात. सोबत जवसाची चटणी: एक वाटी जवस तडतडेपर्यंत भाजायचा, आठ सुक्या मिरच्या, जिरं, मीठ, आणि प्रवासासाठी लसूण तेलात लाल, कुरकुरीत करून. कच्च्या लसणाची चटणी चवीला वरचढ असते, पण गाडीत सगळ्यांना त्याची आठवण दिवसभर राहते.

पेंचच्या जंगलात सिल्लारी किंवा खुर्सापार गेटवर पहाटे उजाडायच्या आत पोचायचं असेल तर खाण्याचा बेत परतल्यावरचाच ठेवा. थंडीत उघड्या जिप्सीत हात खिशाबाहेर काढवत नाहीत, आणि जंगलात खाऊची पाकिटं उघडू नयेतच. थर्मासमध्ये चहा मात्र गेटपाशी रांगेत हवाच.

चिखलदरा लांब, परतवाड्यावरून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून मुक्कामाचं. येताना तिथला खवा आणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. अमरावतीच्या उन्हातून तो नुसत्या पिशवीत आणू नका. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वापरा. पाव किलोला पन्नास-साठ ग्रॅम मैदा चोळून मळला की वीसेक गुलाबजाम होतात, दोघांना चार दिवस पुरतात. खवा ओलसर असेल तर मैदा चमचाभर वाढवा. सगळे वळून ठेवण्याआधी एकच तळून बघायचा, फुटला तर मैदा कमी आहे.